चंद्रापुढचा माणूस

गेला महिनाभर त्या घरातल्या दोघी जणी एकमेकींशी मांजरामार्फत बोलत होत्या.

"सांग तुझ्या मामीला, गिझर चालू राहिलाय," नणंद म्हणायची.

"सांग तुझ्या आत्याला, मला डोळे आहेत," वहिनी म्हणायची.

लेकी बोले सुने लागे, त्यातलाच प्रकार. फक्त लेकीच्या जागी मांजर होतं आणि त्याला या दोघींच्या भांडणात काडीचाही रस नव्हता.

वहिनी मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढायची. नवरा बोटीवर, वर्षातले आठ महिने पाण्यात. नणंद ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. सासर सोडून आल्यापासून ती भावाच्या घरी राहत होती. दोघींचं तसं छान जमलं होतं. नणंद वयाने लहान असूनही वहिनीला बिनधास्त 'अगं तू' करायची, आणि वहिनी तिला लग्नाच्या दिवसापासून थट्टेने 'अहो वन्सं' म्हणायची. मग गच्चीवर ते चादरीचं प्रकरण झालं.

वहिनीला चंद्राचे फोटो काढायचं वेड होतं. पिंपाएवढी जाड दुर्बीण, तिला कॅमेरा, कॅमेऱ्याला लॅपटॉप, असा सगळा संसार ती गच्चीवर मांडायची. चार महिने ती चंद्राच्या एकाच तुकड्यामागे लागली होती. चंद्राच्या कडेजवळ एक काळसर, गोल मैदान आहे. जुन्या लोकांना असली मैदानं म्हणजे पाणी वाटलं होतं, म्हणून त्याला नाव पडलं 'संकटांचा समुद्र'. पौर्णिमेला तिथे बघण्यासारखं काही नसतं, समोरून फ्लॅश मारलेल्या चेहऱ्यासारखा सगळा चंद्र सपाट दिसतो. पण पौर्णिमा होऊन दोन दिवस गेले की त्या मैदानाच्या कडेवर संध्याकाळ उतरते. भोवतालच्या डोंगरांच्या सावल्या लांबतात आणि एरवी गुळगुळीत वाटणाऱ्या जमिनीवर सुरकुत्या, उंचवटे, बारीक विवरं वर येतात. महिन्यातून अशी एखादी संध्याकाळ मिळते, फार तर दोन. पहिल्या महिन्यात ढग आले. दुसऱ्यात वारा. तिसऱ्यात सगळं जुळून आलं आणि नेमकी नणंदेने वाळत घातलेली चादर चिमट्यांतून सुटली ती थेट दुर्बिणीवर. दुर्बीण स्टँडसकट आडवी झाली.

"गच्ची काय तुझ्या एकटीची आहे?" नणंद म्हणाली होती.

"स्वतःचं घर असतं तर दुसऱ्याच्या वस्तूची किंमत कळली असती," वहिनी बोलून गेली होती.

नणंदेचा चेहरा पांढराफटक पडला. दुसऱ्या दिवसापासून ती 'तुम्ही'वर आली, आणि मग मांजरावर.

चौथ्या महिन्यातली ती संध्याकाळ. दिवेलागण होऊन बराच वेळ झाला होता. सोसायटीचे सेक्रेटरी गच्चीला लवकर कुलूप लावतात म्हणून वहिनीने चंद्र वर यायची वाट न बघता मांडामांड केली होती. पूर्वेला, गोदामांच्या आणि बंद कारखान्यांच्या बाजूला, तांबूस चंद्र नुकता डोकावला होता. क्षितिजाजवळची हवा उकळत असते, त्यामुळे लॅपटॉपवर चंद्राची कड पाण्यातल्या नाण्यासारखी हलत होती. अशा हवेत फोटो मिळणार नव्हता. पण फोकस जुळवून ठेवता येत होता. दुर्बिणीची मोटर चंद्राच्या गतीने हळूहळू फिरत होती, म्हणजे पडद्यावर चंद्र जागच्या जागी आणि मधे येणाऱ्या तारा, झाडं, इमारतींच्या कडा त्याच्यावरून सरकत होत्या.

नणंद बादली घेऊन कपडे काढायला आली. वहिनीने मान वर केली नाही.

पडद्यावर काळ्या, धूसर तिरक्या रेघा सरकू लागल्या. मोबाइलचा टॉवर. वहिनी वैतागून हात बांधून बसली. दोन-चार मिनिटांत चंद्र त्याच्या वर निघाला असता.

नणंदेच्या खांद्यावर कपड्यांचा ढीग होता. न राहवून तिने मागून पडद्याकडे बघितलं आणि हातातल्या चिमट्यांना म्हणाली, "बघा रे, कोणीतरी हात वर करून उभं आहे तिथे. मजा आहे."

वहिनीनेही बघितलं. रेघांच्या जाळीत एक काळा डाग होता. डोकं, धड, वर केलेले दोन हात. तिने फोकसचं चाक धरलं आणि फिरवलं. संकटांचा समुद्र विरघळला, डोंगरांच्या कडा पसरल्या, सगळा चंद्र एक पिवळट लोळ झाला, आणि त्या लोळापुढे टॉवरची लोखंडी जाळी लख्ख उमटली.

जाळीत खरंच माणूस होता. कमरेचा पट्टा दिसत होता. पट्ट्यातून निघालेली दोरी ताणलेली होती.

"टॉवरवाला असेल," नणंद म्हणाली. या वेळी चिमट्यांना नाही.

वहिनी पडद्यावर वाकली. तिने आजवर शेकडो माणसांची हाडं बघितली होती. ज्याने स्वतः हात वर केलेत त्याचे खांदे कानांजवळ येतात. याचे आले नव्हते. याने ते वर केलेले नव्हते, ते नुसते होते, ओल्या कपड्यासारखे.

"वन्सं," ती म्हणाली. "या दुर्बिणीत चित्र उलटं येतं."

"म्हणजे?"

"म्हणजे वरचं खाली. तो उभा नाही. तो डोकं खाली करून लटकतोय."

नणंदेच्या खांद्यावरचे कपडे घसरून खाली पडले.

दुर्बीण मात्र आपलं काम करत होती. मोटर चंद्रामागे चालली होती आणि माणूस पडद्याच्या कडेकडे सरकत होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर तो चौकटीबाहेर गेला असता आणि त्या अंधारात पुन्हा सापडला नसता. वहिनीने झडप घालून मोटर बंद केली. टॉवर थांबला. आता चंद्र निसटू लागला.

"जिवंत आहे का?" नणंदेने विचारलं.

दोघी श्वास रोखून बघत राहिल्या. एका हाताची बोटं मिटली. मग उघडली.

"आहे."

वहिनीने अग्निशमन दलाला फोन लावला.

"पत्ता सांगा," पलीकडचा माणूस म्हणाला.

"पत्ता माहीत नाही. पूर्वेला, गोदामांकडे. टॉवरवर माणूस उलटा लटकलाय."

"तुम्ही कुठे आहात?"

"आमच्या इमारतीच्या गच्चीवर."

"मग माणूस तुम्हाला दिसला कुठून?"

"दुर्बिणीतून. म्हणजे मी चंद्राचे फोटो काढत होते, तर चंद्राच्या समोर…"

पलीकडून त्याच संथ आवाजात, "बाई, त्या बाजूला टॉवर पंधरा-वीस असतील. मी गाडी नेमकी कुठे पाठवू? ठिकाण कळलं की लगेच सांगा."

तो चुकीचं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. वहिनीने दुर्बिणीच्या नळीला गाल लावला आणि नळीच्या रेषेत नजर टाकली. चंद्राखाली अंधार, अंधारात दिवे. टॉवरच्या टोकाला असतात तसे लाल दिवे त्या बाजूला तीन दिसत होते.

"छापखान्याचा, डेपोचा, आणि तो शाळेमागचा," नणंद तिच्या खांद्यावरून बोट दाखवत म्हणाली. "पण नळी तर डेपोच्या आणि शाळेच्या मधे रोखलीय. तिथे दिवाच नाही."

"दिवा नसेल म्हणूनच तो चढला असेल."

नणंद एकदम वळली. "अगं, कोल्ड स्टोरेज! टेकाडावरचं. त्याच्या मागच्या मैदानात मी रिव्हर्स शिकवते. पोरींना सांगते, टॉवरच्या लाल दिव्यावर नजर ठेवून गाडी मागे घ्या. गेला आठवडाभर तो दिवा बंद आहे, पोरी भिंतीला गाडी घासतायत."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय, बंपरचे पैसे मी भरलेत!"

ती जिन्याकडे पळालीसुद्धा. पायऱ्यांवरून तिचा आवाज आला, "तू इथून हलू नकोस! मी फोन चालू ठेवते."

महिन्याभराने आलेला तो 'तू' त्या वेळी दोघींच्याही लक्षात आला नाही.

वहिनीने दलाला पुन्हा फोन करून ठिकाण सांगितलं. या वेळी तो माणूस चटकन म्हणाला, "निघतेय गाडी. पण पाइपलाइनसाठी पुलाकडचा रस्ता खणलाय, वळसा पडेल."

मग ती लॅपटॉपपुढे येऊन बसली. चंद्र जाळीच्या बाहेर चालला होता. आधी त्या माणसाचे हात अंधारात गेले, मग डोकं, मग पाय, आणि पडदा काळा झाला. आभाळात चंद्र छान वर आला होता, स्वच्छ, फोटोला हवा तसा. तिने त्याच्याकडे पाठ केली आणि कॅमेऱ्याची संवेदनशीलता टोकापर्यंत वाढवली. पडद्यावर वाळू सांडल्यासारखे कण आले. त्या कणांमधे, शहराच्या उजेडावर, जाळीची पुसट खूण, आणि तिला अडकलेलं काहीतरी लांबट.

फोनमधून स्कूटरचा आवाज येत होता. मग ब्रेक. मग फाटक वाजल्याचा आवाज.

"वर कोणी नाही हो ताई," वॉचमन सांगत होता. "दोघं आले होते कंपनीचे. गेले मगाशीच गाडी घेऊन."

"दोघांना जाताना बघितलंत?"

"गाडी गेली ना."

"गाडीत किती होते?"

वॉचमन घुटमळला. "ते काय मी मोजले नाहीत. पण वरून कोणी हाक मारली नाही. अंधारात काय दिसतंय तुम्हाला?"

"मला नाही, माझ्या वहिनीला दिसतंय. फाटक उघडा."

"साहेबांना विचारल्याशिवाय…"

"विचारा. तोवर तो पडला तर साहेबांना तेही सांगा."

कडी सरकली. पावलं, कुत्र्याचं भुंकणं, लोखंडी जिना. टॉवर कोल्ड स्टोरेजच्या गच्चीवर उभा होता. वॉचमनच्या मोठ्या बॅटरीचा झोत वर गेला तेव्हा इथे वहिनीच्या पडद्यावर अचानक एक पांढरा चरा उमटला आणि माणूस पुन्हा दिसला.

"अरे देवा," वॉचमन म्हणाला. त्यानंतर तो एकही शब्द उलट बोलला नाही.

"झोत हलवू नका म्हणावं," वहिनी फोनवर म्हणाली. "तसाच धरा. वन्सं, त्याचा एक पाय जाळीत अडकलाय, घोट्यापाशी. त्या पायावर आणि पट्ट्यावर सगळं वजन आहे."

"खालून मला नुसता गोळा दिसतोय. चढू का मी?"

"अजिबात नाही! वर वायरी आहेत. त्याला कशाने धक्का बसला ते आपल्याला माहीत नाही. तुम्ही नुसतं बोला त्याच्याशी."

नणंद बोलू लागली. नवशिक्याच्या शेजारी बसून रोज बोलायची तोच आवाज, न घाबरणारा, न घाई करणारा. "दादा, ऐकू येतंय का? आम्ही खाली आहोत. गाडी निघालीय. तुम्ही काही करायचं नाही. धडपड करायची नाही. नुसता श्वास घ्यायचा. घेतलात? शाब्बास. आता सोडा."

वरून कण्हल्यासारखा आवाज आला. मग तुटक शब्द, "पाय… सुटतोय."

वहिनीने पडद्याला नाक लावलं. खरं होतं. जाळीत अडकलेला बूट जागचा हलला नव्हता, पण पाय त्यातून निसटत होता, प्रत्येक श्वासागणिक थोडा थोडा. पाय सुटला असता तर सगळं वजन पट्ट्यावर आलं असतं. आणि पट्टा वर कमरेवरून मांड्यांकडे घसरला होता.

"वन्सं, त्याला काहीतरी धरायला हवं. लगेच. त्याच्या हाताच्या जवळ एक आडवी पट्टी आहे, अगदी जवळ. त्याला म्हणावं, हात रस्त्याच्या बाजूला ने."

"दादा, हात रस्त्याच्या बाजूला न्या! गाड्यांचे दिवे दिसतायत ना, तिकडे!"

पडद्यावर हात हलला. पट्टीपासून लांब गेला. बोटं रिकाम्या हवेत मिटली आणि त्या हिसक्याने सगळं शरीर फिरलं. बुटातून पाय आणखी सुटला. फोनमधे वॉचमन ओरडला.

"काय झालं? काय झालं गं?"

तेव्हा वहिनीच्या ध्यानात आलं. चित्र उलटं. खाली-वर तिने मनात फिरवून घेतलं होतं, उजवी-डावी फिरवायची राहिली होती. ती मनातल्या मनात चित्र फिरवायला लागली आणि तिचा गोंधळ उडाला. रस्ता कुठे, मैदान कुठे, आपण कुठे. रोज एक्स-रेवर डावी-उजवीची खूण करणारी बाई, आणि आता तिला स्वतःचा हात ओळखता येईना. एक चूक झाली होती. दुसरीला जागा नव्हती.

तिने लॅपटॉप उचलला आणि सरळ उलटा धरला. कीबोर्ड वर, पडदा खाली, वायर ताणलेली. आता डोकं खाली आलं, पाय वर गेले. टॉवरचं टोक वर. रस्ता या बाजूला, मैदान त्या बाजूला. जसं होतं तसं.

"उलट!" ती ओरडली. "मैदानाच्या बाजूला! अंधाराकडे! कोपर वाकवून, डोक्याच्या रेषेत!"

"दादा, चुकलं माझं," नणंदेचा आवाज जरासुद्धा हलला नव्हता. "आता अंधाराकडे हात न्यायचा. उजेडाकडे नाही, अंधाराकडे. कोपर वाकवा. हळू. हळू. अजून."

"अजून एक वीत," वहिनी म्हणाली.

"अजून एक वीत."

बोटं पट्टीला लागली. निसटली. पुन्हा लागली. मिटली.

"धरलं," वहिनी म्हणाली. "धरलंय त्याने. आता दुसरा हात त्याच्याच शेजारी."

दुसरा हात आला. त्याच क्षणी पाय बुटातून सुटला. बूट तसाच जाळीत राहिला आणि माणूस हातांवर आणि पट्ट्यावर आडवा लोंबकळला, पण पडला नाही. वहिनीला वाटलं आपण किंचाळलो. प्रत्यक्षात तिच्या तोंडून काहीच आलं नव्हतं. तिने कोपरं पोटाशी दाबून लॅपटॉप घट्ट धरला.

"सोडायचं नाही," नणंद सांगत होती. "स्टिअरिंग सोडतो का आपण? नाही ना? घट्ट धरायचं आणि समोर बघायचं. नाव काय तुमचं? घरी कोण असतं? आई? काय म्हणते आई?"

तो काय बोलला ते वहिनीला ऐकू आलं नाही. नणंद मधे मधे "हो का?" म्हणत राहिली. भोंग्याचा आवाज कितीतरी वेळाने आला. मग टेकाडावर निळे-लाल झोत फिरले, पडदा पांढरा झाला, आणि वहिनीला शिड्या, हेल्मेटं आणि माणसांचा एक गठ्ठा एवढंच दिसत राहिलं. शेवटी फोनमधून नणंद म्हणाली, "उतरवला. शुद्धीवर आहे." आणि फोन बंद झाला.

ती परत आली तेव्हा वहिनी खाली पार्किंगमध्ये उभी होती. जिच्या हाताखाली शेकडो लोक गाडी चालवायला शिकले, तिला स्कूटर स्टँडला लावता येईना. वहिनीने हँडल हातात घेतलं आणि स्कूटर लावली.

"वन्सं, त्या दिवशी मी जे बोलले…"

"आज नको गं," नणंद पायरीवर बसत म्हणाली. "आज माझ्या डोक्यात काही शिरणार नाही. उद्या माग माफी. नीट माग, मी ऐकून घेईन."

वहिनी तिच्या शेजारी बसली. नणंद म्हणाली, "तुझा फोटो गेला ना?"

"गेला."

"पुढच्या महिन्यात आहेच की चंद्र. पळून थोडाच जातोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीच्या यंत्राखाली जो पहिला पाय आला तो त्याचाच होता. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं. माणूस तिशीचा, दाढी वाढलेली, तळहातांना पट्ट्या. सुलट्या चेहऱ्याने तो तिला ओळखू आला नाही, कागदावरचं कारण वाचल्यावर कळलं. "हलू नका," एवढंच ती नेहमीसारखं म्हणाली आणि आत जाऊन बटण दाबलं. मग बाहेर येऊन तिने त्याला सांगितलं की ती कोण. त्याला ते समजायला वेळ लागला. दुर्बीण, चंद्र, लॅपटॉप. तो नुसता मान हलवत राहिला.

त्याचं असं झालं होतं: नवा दिवा बसेना म्हणून जोडीदार दुसरा आणायला गाडी घेऊन गेला आणि खणलेल्या रस्त्यात अडकला. हा एकटाच वर थांबला. कुठल्यातरी वायरीचा झटका बसला, पुढचं त्याला आठवत नव्हतं. कंपनीचा माणूस सकाळीच येऊन विचारून गेला होता, पट्टा लावला होता ना?

"लावला होता," वहिनी म्हणाली. "माझ्या लॅपटॉपवर रेकॉर्ड झालंय, त्यात दिसतोय तो. कोणी विचारलं तर मी दाखवीन."

त्याने डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांतून पाणी आलं.

दुपारी नणंद शिकवणीच्या दोन फेऱ्या रद्द करून दवाखान्यात आली. त्याला शस्त्रक्रियेसाठी आत नेलं होतं आणि बाहेरच्या बाकावर त्याची आई बसली होती, लहानखुरी, कडक इस्त्रीचे कपडे घातलेली बाई, पर्स दोन्ही हातांनी मांडीवर धरून. नणंदेने ओळख सांगितली. त्या बाईंनी नणंदेचा हात धरला, सोडला, पुन्हा धरला.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"हो, जेवले."

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं, "नक्की जेवलीस ना?"

वहिनीची पाळी संपली तेव्हा त्या दोघी अजून तिथेच बसल्या होत्या. वहिनी सरकून त्याच बाकावर टेकली, आणि शस्त्रक्रियेच्या खोलीवरचा दिवा विझेपर्यंत तिघींपैकी कोणी उठलं नाही.